बाळ पूर्ण दिवसांचं, वजन मात्र २१०० ग्रॅम: वार काय सांगते?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आशा ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पहिलटकरीण, वय २२, उंची १५० सेंमी. दहाव्या आठवड्यात नाव नोंदवलं तेव्हा वजन ४० किलो, शेवटी ४७. रक्तदाब कधीच १३०/८४ च्या वर गेला नाही. हिमोग्लोबिन पाचव्या महिन्यात १०.८, नवव्या महिन्यात १३.२. खाणंपिणं घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे नीट. ३८ आठवडे भरल्यावर बाळंत झाली आणि बाळ भरलं २१०० ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, ‘वार (म्हणजे प्लॅसेंटा, आईकडून बाळाला अन्न पोचवणारा अवयव) कमजोर होती.’ सिस्टर म्हणाल्या, वार लहानशीच होती आणि नाळ मधोमध नव्हती, कडेला होती. कार्डावर पोटाची उंची ३२ व्या आठवड्यात २९ सेंमी आणि ३६ व्या आठवड्यात ३१ सेंमी लिहिलेली आहे. वार कमजोर म्हणजे नेमकं काय, हे आधी कळलं असतं का, आणि पुढच्या खेपेला काय करायचं, हे ताईंना हवं आहे.

ताई, तुम्ही कार्डावरचे आकडे पाठवलेत म्हणून नेमकं उत्तर देता येतं. आधी एक घोळ दूर करू. जन्मवजन २५०० ग्रॅमच्या खाली असलं की आपण ‘कमी वजनाचं बाळ’ लिहून मोकळे होतो. पण त्या एका रकान्यात दोन अगदी वेगळी बाळं येतात. एक, ३४ आठवड्यांत लवकर आलेलं; २१०० ग्रॅम हे त्याच्या वयाला साजेसं वजन आहे. दुसरं, ३८ आठवडे पोटात राहूनही २१०० वरच थांबलेलं. तुमचं बाळ दुसऱ्या प्रकारचं. या वयाच्या शंभर निरोगी बाळांत ते शेवटच्या तिघांत मोजावं लागेल. इतकं मागे पडलेलं बाळ ‘आईच बारीक, म्हणून बाळ बारीक’ एवढ्यावर सोडून देऊ नये. बारीक आईचं बाळ लहान पण आपल्या वाढीच्या रेषेवर चालणारं असू शकतं. इथे मात्र रेषाच वाकलेली दिसते. पोटाची उंची सेंमीत साधारण आठवड्यांएवढी हवी; ३२ व्या आठवड्यात पोट ३ सेंमी मागे होतं, ३६ व्या आठवड्यात ५ सेंमी. चार आठवड्यांत पोट फक्त २ सेंमी वाढलं.

आता वारेबद्दल. पूर्ण दिवसांची वार साधारण पाचशे ग्रॅमची असते, भाकरीसारखी गोल, १५ ते २० सेंमी रुंद आणि मध्ये दोन-अडीच सेंमी जाड. बाळ तिच्या सहा-सात पट वजनाचं असतं. आत झाडाच्या मुळांसारखे बारीक तंतू असतात. ते सगळे उलगडून पसरले तर दहा-बारा चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे घरातल्या एका खोलीएवढी. या तंतूंच्या आत बाळाचं रक्त आणि बाहेर आईचं रक्त. दोन्ही कधी मिसळत नाहीत. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, अमिनो आम्लं, लोह, कॅल्शियम पलीकडे जातं आणि बाळाचा कचरा अलीकडे येतो. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त येत असतं.

हे रक्त आणणाऱ्या शंभरेक नागमोडी धमन्या गर्भाशयाच्या भिंतीत असतात आणि मूळ दुखणं बहुतेक वेळा तिथे सुरू होतं. माडा-पोफळीच्या बागेत शिपणं करताना बघा. पाटाचं तोंड रुंद असलं की पाणी हळूहळू आळ्यात पसरतं आणि मुळापर्यंत मुरतं. तेच पाणी अरुंद नळीतून जोरात सोडलं तर माती उखडते, मुळं उघडी पडतात आणि आळं भरतच नाही. गरोदरपणाच्या पहिल्या वीस-बावीस आठवड्यांत वारेच्या पेशी त्या धमन्यांत शिरून त्यांच्या भिंतीतले स्नायू काढून टाकतात आणि तोंडं फनेलसारखी रुंद करतात. त्यामुळे रक्त संथ वाहतं आणि तंतूंना धक्का न लागता त्यांच्यामध्ये पसरतं. हे काम अर्धवट राहिलं तर रक्त फवाऱ्यासारखं आदळतं, तंतू तुटतात. धमनी अधूनमधून आकसते, तेव्हा तेवढा भाग उपाशी राहतो आणि परत रक्त आलं की पेशी आणखी दुखावतात. काही भाग मरून घट्ट, पांढरट होतो. ‘वार कमजोर’ या दोन शब्दांमागे बहुतेक वेळा हीच गोष्ट असते. हीच बिघाडाची साखळी आईच्या अंगावर आली की रक्तदाब वाढतो, लघवीत प्रथिनं जातात; तिला आपण प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतो. ती बाळापुरतीच राहिली तर आईचा रक्तदाब शेवटपर्यंत चांगला दिसतो आणि बाळ मात्र आतल्या आत सुकतं. म्हणून ‘बीपी नॉर्मल होतं, मग वार कशी खराब?’ हा प्रश्न घरच्यांनी विचारला तर त्यांना हेच सांगा.

काळाचा हिशेब लक्षात घ्या. वारेचा पाया चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत पडून जातो. आपण मात्र जागे होतो सातव्या-आठव्या महिन्यात, पोट लहान दिसू लागल्यावर. तेव्हा सलाईन, अमिनो आम्लांच्या बाटल्या, महागडी प्रोटीन पावडर, आर्जिनिनची पाकिटं सुरू होतात. घरच्यांचे हजारो रुपये जातात आणि वार होती तशीच राहते. बिघडलेली वार पुन्हा उभी करणारं औषध आज उपलब्ध नाही. सिल्डेनाफिलकडून मोठी आशा होती, पण नेदरलँड्समधली चाचणी २०१८ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध दिलेल्या गटात नवजात बाळांच्या फुप्फुसांचे त्रास आणि मृत्यू जास्त दिसले. दिवसभर झोपवून ठेवण्यानेही वार सुधारत नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. नुसत्या जास्त प्रथिनांचे डबे तर गरोदरपणात देऊ नयेत असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपाशी, बारीक बाईला उपयोग होतो तो उष्मांक आणि प्रथिनं दोन्ही असलेल्या पूर्ण आहाराचा, ज्यात एकूण उष्मांकांच्या पाव भागापेक्षा कमी प्रथिनांतून येतात. भात, डाळ, अंडं, मासा, दूध, शेंगदाणे यांनी ते साधतं.

या बाईच्या बाबतीत आणखी दोन खुणा आहेत, त्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

पहिली, हिमोग्लोबिन १३.२. ते बघून सगळे खूश झाले असतील. गरोदरपणात आईच्या रक्तातला पाण्याचा भाग बराच वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरणं हे चांगलं लक्षण असतं. रक्त पातळ होतं आणि वारेत सहज फिरतं. शेवटच्या तिमाहीत ते १३ च्या वर चढलं आणि त्याच वेळी पोट वाढत नसेल, तर रक्तातलं पाणी हवं तेवढं वाढलेलं नाही अशी शंका घ्यायची. गोळ्यांनीही ते वाढू शकतं, म्हणून नुसत्या १३ ला घाबरू नका. पोटाची उंची मागे, वजन मागे आणि हिमोग्लोबिन वर, असं तिन्ही एकत्र दिसलं की सोनोग्राफीला पाठवायचं. उलट बाजूही आहे. रक्त फार कमी असलेल्या आईत वार स्वतः मोठी होऊन तूट भरून काढायचा प्रयत्न करते. बाळ लहान आणि वार मोठी, असं दिसलं की रक्तपांढरीचा विचार आधी करा.

दुसरी खूण नाळ कडेला असण्याची. नाळ वारेच्या काठापासून दोन सेंमीच्या आत जोडलेली असली तर पलीकडच्या तंतूंपर्यंत रक्त पोचवायला बाळाच्या हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. काही वेळा नाळ वारेवर न येता पडद्यावरच संपते आणि तिथून उघड्या रक्तवाहिन्या पडद्यातून वारेकडे जातात. हे जास्त धोक्याचं, कारण पाणमोट फुटताना त्या वाहिन्या फाटू शकतात. कडेची नाळ एकटी असताना बहुतेक बाळं ठणठणीत असतात. इथे आईचं सुरुवातीचं वजन कमी, वाढ फक्त सात किलो, आणि वार लहान. त्यात नाळेची भर पडली असावी. सगळा दोष नाळेवर टाकू नका.

आईच्या वजनाचं म्हणाल तर १५० सेंमी उंचीला ४० किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १७.८. दिवस जाण्याआधीच ती कमी वजनात होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातल्या सहा गावांत आई-बाळांचा अभ्यास केला. तिथे असं दिसलं की हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध नेहमी खाणाऱ्या बायांची बाळं मोठी होती आणि जड कष्ट करणाऱ्यांची लहान. कोकणात हे थेट लागू पडतं. जून-जुलैत लावणीला दिवसभर चिखलात वाकून काम, पहाटे उठून चूल, दुपारी नुसती पेज. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ताजा मासा नाही. घरात सुकट-जवळा असतो, पण बाईच्या ताटात किती येतो? ‘खाणं नीट’ असं घरचे सांगतात, तेव्हा कालच्या दिवसात तिने काय खाल्लं ते सकाळपासून रात्रीपर्यंत विचारा. बांगडा घरात शिजला की तिने खाल्ला, दोन्हीत फरक असतो. काही घरांत सातव्या महिन्यानंतर मुद्दाम कमी खायला घालतात, बाळ मोठं झालं तर सुटका अवघड होईल म्हणून. हा समज सासूबाईंशीच बोलून काढावा लागतो. सुनेला सांगून उपयोग होत नाही.

आणखी एक प्रश्न तुम्ही नक्की विचारा, कारण तो कार्डावर नसतो: मिश्री लावते का? भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासायला म्हणून लावतात, पण निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि वारेच्या धमन्या आकसवतं. मुंबईत १२१७ गरोदर बायांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर बाई नाही म्हणते आणि ते तिच्या दृष्टीने खरंच असतं. ‘सकाळी दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ असं विचारा. दिवसातून चार-पाच वेळा लावणाऱ्या बाया आहेत. पावसाळ्यात ओली लाकडं घरातच पेटवली की धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि तेवढा प्राणवायू वारेपर्यंत येतच नाही. गॅस असेल तर गरोदरपणाचे नऊ महिने तरी आंघोळीच्या पाण्यासह सगळं गॅसवर.

तापाचंही तसंच. पावसाळ्यात गरोदर बाईला ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. फॅल्सिपॅरम मलेरियाचे जंतू असलेल्या रक्तपेशी वारेच्या तंतूंना चिकटून बसतात, म्हणून बोटाच्या थेंबात जंतू कमी किंवा अजिबात दिसत नाहीत आणि वारेत मात्र गर्दी असते. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर दुसऱ्या दिवशी परत करा. बागायतीत, बोटींवर, बांधकामावर बाहेरून कामाला आलेल्या कुटुंबांतल्या गरोदर बाया यात सुटतात, कारण त्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. रायगडमधल्या कातकरी वस्त्यांत सिकलसेलची तपासणीही विसरू नका. तो आजार असलेल्या आईची वार बारीक गुठळ्यांनी जागोजागी बंद पडते.

आधी कळलं असतं का? माझ्या मते ३२ व्या आठवड्यात शंका यायला हवी होती आणि ३६ व्या आठवड्यात नक्की. पण ते आकडे खरे असायला दोन गोष्टी लागतात.

एक म्हणजे तारीख. ‘पाळी गणपतीत आली होती’ या आठवणीवर दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे होतात, आणि मग ३५ आठवड्यांचं बाळ ३८ चं समजून उगाच घाबरतो किंवा ३८ चं ३५ समजून निर्धास्त राहतो. ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळातली सोनोग्राफी बाळाची लांबी मोजून तारीख पक्की करते. एकदा तिने ठरवलेली तारीख पुढच्या सोनोग्राफीत बदलायची नाही. नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर ‘३५ आठवड्यांएवढं बाळ’ लिहिलेलं असतं ते वजनाचं वर्णन असतं, वयाचं नव्हे. त्यावरून बाळंतपणाची तारीख पुढे ढकलली की वाढ खुंटलेलं बाळ ‘लहान वयाचं’ ठरतं आणि आणखी तीन आठवडे उपाशी राहतं. ही चूक वारंवार होते आणि ती बाळाच्या जिवावर बेतते.

दुसरी, पोटाची उंची नीट मोजणं. लघवी करून यायला सांगा. उताणी झोपवा, पाय सरळ. टेप उलटी धरा, आकडे पोटाकडे, म्हणजे आपल्याला हवा तो आकडा नकळत मोजला जात नाही. आधी हाताने गर्भाशयाचा वरचा काठ शोधा. तो नेहमी मधोमध नसतो, जिथे सर्वांत उंच लागेल तिथे टेपचं टोक धरा. मग टेप खाली जघनाच्या हाडाच्या वरच्या काठापर्यंत न्या, सुलटी करून आकडा वाचा. २४ आठवड्यांनंतर सेंमी आणि आठवडे साधारण जुळतात. ३ सेंमी कमी, किंवा दोन भेटींत वाढच नाही, तर सोनोग्राफी. शक्यतो एकाच व्यक्तीने मोजावं. दर वेळी वेगळ्या हाताने मोजलं की रेषा उगाचच वरखाली होते.

सोनोग्राफीत नुसतं वजन पुरत नाही, डॉपलर, म्हणजे धमन्यांतल्या रक्तप्रवाहाची तपासणी, मागायचं. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी अशा ठिकाणी ते होतं. चिठ्ठीवर स्पष्ट लिहा: ‘वाढ खुंटल्याची शंका, नाळेची धमनी आणि मेंदूच्या धमनीचं डॉपलर हवं.’ नाळेच्या धमनीत बाळाचं हृदय रक्त वारेकडे ढकलतं. वार चांगली असेल तर दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेतही रक्त पुढे वाहत राहतं. तंतूंचं जाळं कमी होत गेलं की आधी अडथळा वाढतो, मग मधल्या वेळचा प्रवाह थांबतो, आणि अखेर तो उलटा वाहू लागतो. थांबेपर्यंत निम्म्याहून जास्त जाळं गेलेलं असतं. पण ही पायरी-पायरीची घसरण ३२ आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या आजारात दिसते. तुमच्या बाईसारख्या उशिरा सुरू होणाऱ्या प्रकारात नाळेचं डॉपलर बहुतेक वेळा साफ असतं. तिथे मेंदूची धमनी बघावी लागते. प्राणवायू कमी पडला की बाळ हात-पाय, आतडी, मूत्रपिंड यांचं रक्त कमी करून मेंदूकडे वळवतं. मेंदूच्या धमनीचा आकडा नाळेच्या आकड्याने भागला आणि उत्तर १ च्या खाली आलं तर बाळ बचतीवर जगत आहे. ‘डॉपलर नॉर्मल’ एवढाच शेरा असेल तर कोणत्या धमनीचं, ते विचारा. मूत्रपिंडाचं रक्त कमी झालं म्हणून लघवी कमी होते आणि गर्भजल घटतं; ‘पाणी कमी आहे’ या रिपोर्टमागे बऱ्याचदा हे असतं आणि नारळपाणी पाजून ते भरत नाही.

पुढचा निर्णय म्हणजे बाळंतपण कधी, एवढाच असतो. नाळेतला मधला प्रवाह उलटा असेल तर साधारण ३० ते ३२ आठवडे, थांबलेला असेल तर ३२ ते ३४, बाळ तिसऱ्या शतमकाच्या खाली (त्या वयाच्या शंभर बाळांतल्या शेवटच्या तिघांत) किंवा अडथळा वाढलेला असेल तर ३६ ते ३८. नुसतं लहान आणि डॉपलर पूर्ण चांगलं असेल तर ३७ ते ३९ पर्यंत थांबता येतं. ३४ आठवड्यांच्या आत बाळंत करायची वेळ आली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ दर १२ तासांनी, चार मात्रा. पहिली मात्रा देऊनच गाडीत बसवायचं. आणि हलवायचं ते बाळ पोटात असताना. सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळी, रत्नागिरीतून कोल्हापूर किंवा जिल्ह्यातलीच नवजात अतिदक्षता, रायगडमधून मुंबई. कुठे जायचं ते आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. दीड किलोचं बाळ घेऊन पावसाळ्यात आंबा किंवा गगनबावडा घाटातून निघायचं आणि पुढे दरड कोसळलेली, ही वेळ कुणावर आणू नका.

हालचाल कमी झाली की थांबायचं नाही. आकड्यात अडकू नका. रोजच्यापेक्षा कमी वाटलं, खाऊन डाव्या कुशीवर दोन तास पडून दहा हालचालीही झाल्या नाहीत, तर त्याच रात्री दवाखाना. ‘नववा महिना आहे, बाळाला जागा कमी पडते’ हे सांगून बाईला घरी ठेवणं चूक आहे.

आता त्या वारेकडे येऊ. ती बादलीत गेली. पूर्वी परसात पुरत, आता पिवळ्या पिशवीत टाकतात, पण दोन्ही वेळा कुणी न बघताच. माझी कळकळीची विनंती आहे की लहान बाळाची वार पाच मिनिटं बघून, मोजून चार ओळी लिहा. रक्त निथळू द्या, गुठळ्या काढा, पडदे आणि नाळ कापून बाजूला करा, मग बाळाच्याच काट्यावर प्लास्टिक अंथरून वजन करा. पूर्ण दिवसांची वार ३५०–४०० ग्रॅमच्या आत भरली तर ती लहान आहे. आईकडची बाजू वर करून ट्रेमध्ये सपाट पसरा. गर्द लाल, पंधरा-वीस उंचवटे दिसतील, सगळे जागेवर आहेत ना ते बघा. बोटांनी हलकेच चाचपत जा. निरोगी भाग ओल्या स्पंजसारखा दबतो. मेलेला भाग खोबऱ्याच्या तुकड्यासारखा घट्ट लागतो आणि सुरीने कापला की पांढरट-पिवळा दिसतो. काठाला असा एखादा छोटा तुकडा पूर्ण दिवसांत चालतो. मधोमध, मोठे, अनेक असतील तर ते लिहायला हवं. जुनी, काळपट, वारेला खड्डा पाडून बसलेली गुठळी असेल तर वार आधी थोडी सुटली होती. नाळ कापून तोंडाकडे बघा: दोन लहान धमन्या आणि एक मोठी शीर, अशी तीन छिद्रं. दोनच असतील तर बाळाची मूत्रपिंडं, हृदय तपासून घ्यायचं. नाळ कुठे जोडली आहे ते, लांबी, पीळ किती. वार फिकट, सुजलेली आणि वजनदार असेल तर सिफिलिसची तपासणी झाली होती का ते कार्डावर परत बघा.

बाळ तिसऱ्या शतमकाच्या खाली, किंवा ३४ आठवड्यांच्या आत, किंवा पोटातच गेलेलं असेल तर वार १० टक्के फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला पाठवणं योग्य. फ्रीझरमध्ये ठेवू नका, पेशी फुटतात. हे महत्त्वाचं यासाठी की सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे काही आजार, वारेभर फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारं प्रथिन) साचणं किंवा आईच्या पांढऱ्या पेशींनी मधली जागा भरणं, पुढच्या गरोदरपणात पुन्हा येतात आणि आधी कळले तरच तयारी करता येते.

आता या आईचं पुढचं. दोन वर्षं तरी पुन्हा दिवस राहू नयेत. तांबी किंवा इंजेक्शन जे रुचेल ते. तोपर्यंत तिचं वजन ४२ किलोच्या वर न्यायचं, हे पुढच्या बाळासाठी कुठल्याही गोळीइतकंच महत्त्वाचं. नाचणी, कुळथाची पिठी, अंडी, तारली-बांगडा, शेवगा-माठ, हंगामात जांभूळ-पेरू, रोज मूठभर शेंगदाणे: परवडतं असंच सांगतो आहोत. मिश्री असेल तर आताच सोडवा. मूल हवं असं ठरल्यावर फॉलिक आम्ल, पाळी चुकताच नोंदणी, बाराव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफी. त्याच भेटीत डॉक्टरांना आधीच्या बाळाचं वजन, आठवडे आणि वारेचं वर्णन दाखवून, वार बिघडू नये म्हणून देतात त्या ॲस्पिरिनचं विचारायचं. ते १५० मिग्रॅपर्यंत, रात्री झोपताना, १६ आठवड्यांच्या आत सुरू करून ३६ व्या आठवड्यापर्यंत देतात. उशिरा सुरू केलं तर फायदा फारसा उरत नाही, म्हणूनच बारावा आठवडा चुकवायचा नाही. पित्ताचा अल्सर, दमा, रक्तस्रावाचा त्रास असेल तर डॉक्टर ठरवतील. दुकानातून आणून स्वतःहून घेऊ नये. कॅल्शियम चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिग्रॅ दोनदा, लोहाच्या गोळीच्या वेळी नाही. दोन्ही एकत्र घेतलं की लोह शोषलं जात नाही. तिच्या बाबतीत रक्त गोठण्याच्या महागड्या तपासण्या लगेच करायची गरज नाही. अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी ३४ आठवड्यांच्या आत बाळ काढावं लागलं असतं, किंवा वारंवार गर्भपात झाले असते, तर केली असती. तीही बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं नुसत्या लहान बाळाच्या इतिहासावर देऊ नयेत.

२८, ३२, ३६ आठवड्यांना वाढीची सोनोग्राफी डॉपलरसह, आणि दर भेटीला पोटाची उंची. दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणी शिबिरात तिला आवर्जून न्या.

हातातलं बाळ आता काही दिवसांचं आहे. अशा बाळाच्या अंगावर चरबी आणि यकृतात साखरेचा साठा दोन्ही कमी असतात, म्हणून पहिले दोन-तीन दिवस रक्तातली साखर ४५ मिग्रॅच्या खाली जात नाही ना ते बघायचं असतं. पावसाळी दमट हवेत कपडे ओलसर राहतात, तेव्हा उबेसाठी आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून जितका जास्त वेळ ठेवता येईल तितका. फक्त आईचं दूध, दर दोन तासांनी, झोपलं असलं तरी उठवून. दोन आठवड्यांनंतर लोहाचे थेंब डॉक्टर वजनावरून ठरवतील, ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट. वजन हळूहळू वाढू द्या. गुबगुबीत करायच्या घाईने वरचं दूध, साखर, तूप घालू नका. आपल्याकडची लहान बाळं दिसायला हडकुळी असली तरी त्यांच्यात चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे याच पुण्याच्या अभ्यासाने दाखवलं आणि पुढे मधुमेह तिथूनच सुरू होतो.

आणि सिस्टरांना आजच भेटा. वार लहान होती, नाळ कडेला होती, एवढं तरी त्यांच्या आठवणीत आहे तोवर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, खाली तारीख टाका, आणि कार्डाचा फोटो बाईच्या नवऱ्याच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. पुढच्या खेपेला ती पुण्या-मुंबईत बाळंत होणार असेल, तर तिथल्या डॉक्टरांना तुमच्या हातची ही ओळच बाराव्या आठवड्यात कामाला येईल.